मदत हवी आहे: बाबांच्या मणक्यातल्या फिस्टुलासाठी छोट्या छेदाची शस्त्रक्रिया

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. बाबा ६३ वर्षांचे. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायला स्टुलावर चढले आणि पायातली चप्पल कधी निसटली ते त्यांना कळलंच नाही. वर्षभर गादी सरकलीय म्हणून उपचार चालले होते. आता लघवीलाही त्रास होतो. नव्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूला सूज आणि मागे फुगलेल्या शिरा दिसल्या. डॉक्टरांचं निदान: ड्युरल एव्ही फिस्टुला. म्हणजे धमनीचं रक्त थेट शिरेत शिरतं, दाब वाढतो आणि मज्जारज्जू गुदमरतो. नेमकी जागा शोधायला डीएसए अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेले एक्स-रे) करायची आहे.

पुढे दोन वाटा. मांडीतून कॅथेटर घालून ग्लूने जोड बंद करणं, किंवा पाठीत छोटा छेद देऊन नळीतून, मायक्रोस्कोपखाली ती शीर तोडणं. माझा कल दुसरीकडे आहे, कारण ग्लू शिरेपर्यंत पोचला नाही तर फिस्टुला पुन्हा उघडू शकतो.

अशी नळीतून शस्त्रक्रिया कुणाच्या घरी झालीय का? बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) होते, की मुंबई किंवा तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा हॉस्पिटलला जावं? नंतर चालणं किती सुधारलं, लघवीचा त्रास गेला का, तेही कृपया सांगा. उशीर परवडणार नाही, पाय रोज जड होतायत.