बेटांवर 'लोकल' खायला असतं तरी काय?

खारा_वारा
निवांत यांनी परवा लिहिलं की बेटांवर खाण्यात दम नसतो, मासे आणि नारळ, नारळ आणि मासे, बाकी सगळं बोटीतून येतं, त्यामुळे गपचूप रिसॉर्टचा बुफे हाणावा आणि पाण्यात डुंबावं, 'लोकल फूड' हे व्लॉगवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. तिथेच उत्तर लिहायला घेतलं पण डोकं फिरलं होतं, लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, मासे आणि नारळ एवढ्यावरच मालदीवच्या लोकांनी काय काय केलंय ते बघा तरी. टूना उकळला की त्याचं नितळ पाणी म्हणजे गारुधिया. तेच आटवत आटवत नेलं की काळपट, दाट रिहाकुरू, बोटभर भातात कालवलं तरी पुरतं. मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की लाकडासारखा कडक होतो, फ्रीजबिज नसताना टिकतो, आणि तोच श्रीलंकेत जाऊन उंबलकडा म्हणून चिमूटचिमूट सगळ्यात पडतो. सकाळी मस हुनी, म्हणजे टूना, खोवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने चुरडून गरम रोशीबरोबर, म्हणजे तिकडच्या चपातीबरोबर. पहिल्या ट्रिपला मी रिसॉर्टवर चार दिवस होतो, यातलं एक काही पानात आलं नाही, आला तो पास्ता. दुसऱ्या वेळी माणसं राहतात त्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये उतरलो (२०१० च्या आसपास नियम बदलले म्हणून हे शक्य झालं) आणि तिथल्या आजींनी मी खोबरं किती वाईट चुरडतो हे बघून वाटी हातातून काढूनच घेतली.

निवांत
माझ्या नावाने धागा, धन्य झालो.

पण तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत ना. मोजा, प्रत्येक पदार्थात मासा किंवा नारळ. आणि रोशीची कणीक? मालदीवमध्ये गव्हाची शेतं बघितलीत? बोटीतूनच आली ना ती. मॉरिशसला गेलो तेव्हा सगळे सांगत होते डोल पुरी (डाळ भरलेली पातळ पोळी) खा, डोल पुरी खा. खाल्ली, चांगली होती, पण ती १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर जे गिरमिटिये, म्हणजे करारावरचे भारतीय मजूर, नेले त्यांच्याबरोबर गेली. जमैकाची राष्ट्रीय डिश अ‍ॅकी हे फळ आणि खारवलेला मासा. अ‍ॅकी पश्चिम आफ्रिकेतली, मासा उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला कॉड. यात जमैकाचं काय, चूल?

मीठमिरची
हो, चूलच! बेटाचं खाणं असंच बनतं, ज्याला जे मिळालं त्याने ते शिजवलं. खारवलेला कॉड मळेवाल्यांनी गुलामांसाठी आणला कारण तो स्वस्त होता आणि टिकत होता. ब्रेडफ्रूटही (नीरफणस) त्याचसाठी. ताहितीहून रोपं नेताना १७८९ मध्ये बाउंटी जहाजावर बंड झालं, रोपं समुद्रात गेली, जहाजाचा कॅप्टन ब्लाय हट्टाने परत गेला आणि १७९३ मध्ये पोचवलीच. गुलामांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं म्हणतात. आणि गंमत म्हणजे अ‍ॅकीचं शास्त्रीय नाव ब्लिघिया, त्याच ब्लायवरून. झांझिबारची लवंग मुळात इंडोनेशियातल्या मलुकू बेटांची. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर व्हॅनिला लावला पण शेंगा धरेनात, तर १८४१ मध्ये एडमंड अल्बिअस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरण करून दाखवलं. हे सगळं 'बोटीतून आलं' या दोन शब्दांत गुंडाळायचं?

जाता जाता, कच्ची अ‍ॅकी विषारी असते. फळ झाडावर आपोआप उघडेपर्यंत थांबतात. हौसेने स्वतः तोडायला जाऊ नका.

पालेभाजी
सगळे मासा मासा करताय, आम्ही शाकाहाऱ्यांनी काय करायचं ते कोणीच बोलत नाही. बालीत एका वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खानावळीत, मी तीनदा सांगितलं मांस नको, मासे नको, अंडं नको. बाई गोड हसल्या, भाजी आणली. अर्धी संपल्यावर कळलं की सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) तेरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. श्रीलंकेत पोल सांबोल नुसतं खोबरं समजून दोन दिवस खाल्लं, त्यात उंबलकडा. रडायची बाकी होते. त्या दिवसापासून मी पण बुफेवाली.

भटका_जीव
मग घरी बसा की. दुसऱ्याच्या बेटावर जाऊन त्यांनी तुमच्यासाठी स्वयंपाक बदलायचा का?

पालेभाजी
बदला कोण म्हणतंय, *सांगा* म्हणतेय. वाचता येत नसेल तर प्रतिसाद देऊ नका.

मीठमिरची
भटका_जीव, हे उगाच होतं. पालेभाजी, त्या बाई खोटं बोलल्या नसतील हो, त्यांच्या लेखी तेरासी म्हणजे मासा नाहीच, मसाला आहे. 'तान्पा तेरासी' एवढं पाठ करा, तेरासीशिवाय. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) बिनधास्त खा. श्रीलंकेत डाळ किंवा कोवळ्या फणसाचं पोलोस मागा, पण उंबलकडा आहे का हे नाव घेऊनच विचारा.

लाटांवर_स्वार
अवांतर होईल पण, खारा_वारा, इतकं लोकल लोकल करताय तर हवाईतलं स्पॅम मुसुबी खाल्लंय का?

खारा_वारा
डब्यातलं मांस भातावर ठेवून? प्लीज. हवाईत पोके (कच्च्या माशाचे तुकडे) आहे, तारोचा (अळूच्या कंदाचा) पोई आहे, ते सोडून अमेरिकन कंपनीचा डबा खायला कशाला जाऊ.

लाटांवर_स्वार
वाटलंच होतं. स्पॅम १९३७ चं, युद्धात सैनिकांबरोबर तिकडे पसरलं. तिथल्या जपानी वंशाच्या लोकांनी ते भाजून भातावर ठेवलं, नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी गुंडाळली. आज पेट्रोल पंपाच्या दुकानातही मिळतं, मुलं डब्यात नेतात. तुम्हाला मालकाने गुलामाला दिलेला खारवलेला कॉड चालतो, मळ्यावरची डोल पुरी चालते, कारण जुनी आहे. डबा चालत नाही. मग किती वर्षं मुरलं की लोकल होतं तेवढा आकडा टाका.

निवांत
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खारा_वारा
कॉडची तुलना डब्याशी? एक गरजेतून आलं, दुसरं मार्केटिंगमधून.

लाटांवर_स्वार
युद्धात ताजं मांस मिळेना ही गरज नव्हती? तुमचं 'अस्सल' म्हणजे फोटोत छान दिसणारी गरिबी. टिनचा डबा फोटोत दिसत नाही चांगला.

खारा_वारा
वैयक्तिक होऊ नका. आजींचा फोटो मी काढलासुद्धा नव्हता.

दर्यावर्दी
मी कामानिमित्त पॅसिफिकमधल्या सामोआत राहिलोय म्हणून मध्ये पडतो. तिथे टर्कीच्या शेपट्या, नुसती चरबी, अमेरिकेत फारसं कोणी खात नाही ती यायची. सरकारने २००७ मध्ये बंदी घातली. पुढे जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं तर बंदी उठवा म्हणे, उठवावी लागली. मी ज्या घरी जेवायचो तिथे रविवारी नारळाच्या दुधातलं तारोच्या पानांचं पालुसामीही असायचं आणि या शेपट्याही, आणि घरची पोरं आधी शेपट्या उचलायची. लोकल म्हणून मी कशाचा फोटो काढायचा होता सांगा. मी दोन्ही खाल्लं. पालुसामी दोनदा घेतलं.

खारा_वारा
ठीक आहे, मुसुबी खाऊन बघेन. आवडणार नाही ते आत्ताच सांगतो.

निवांत
चला, मीही एक कबूल करतो. तुमचं मस हुनी आमच्या बुफेत होतं. 'टूना सॅलड' अशी पाटी होती, पास्त्याच्या शेजारी. मी तीन दिवस त्यावर मेयोनीज घालून खाल्लं.

खारा_वारा
मेयोनीज.

निवांत
हो. आता ओरडू नका. मार्चमध्ये परत जातोय, तुमच्या त्या गेस्टहाऊसचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि मस हुनी जेवणात मिळतं की नाश्त्याला?

खारा_वारा
नाश्त्याला. उशिरा उठलात तर पास्ता.