कंपनीच्या नावावरची गाडी बदलायची: स्ट्राँग हायब्रिड की इलेक्ट्रिक? (ग्वाल्हेर)

मालनपूरकर
मालनपूरच्या कारखान्यात व्यवस्थापकांसाठी दोन डिझेल गाड्या आहेत, दोन्ही बीएस-४ (जुन्या उत्सर्जन मानकाच्या). दिल्लीत ग्रॅपचा (हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या निर्बंधांचा) तिसरा टप्पा लागला की बीएस-४ डिझेल चारचाकीला दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि नोएडात बंदी, म्हणजे ऐन हिवाळ्यात काम अडतं. त्यामुळे दोन्ही बदलणार. वापर असा: रोज ग्वाल्हेर-मालनपूर जाऊन-येऊन चाळीसेक किमी, महिन्यातून दोनदा दिल्ली (एकेरी ३२० किमी). गाडीमागे महिन्याला सव्वादोन हजार किमी. माझं मत दीड लिटरच्या स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत बॅटरी आणि मोटर, बाहेरून चार्जिंग नाही) एसयूव्हीकडे आहे. कुणाची हरकत असेल तर आकड्यांनिशी सांगा.

हिशेबनीस
हरकत आहे, आणि ती करापासूनच सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल १५०० सीसीपर्यंत) असेल तरच १८ टक्के. तुमची हायब्रिड दोन्ही कसोट्यांवर बाहेर पडते, म्हणून ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५ टक्के, लांबी कितीही असो. चालकासह तेरा जणांपर्यंतच्या गाडीवर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे आयटीसी (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, म्हणजे हा सगळा कर कंपनीच्या खिशातून जातो. गाडी लीजवर घेतलीत तरी सुटका नाही, भाड्यावरही त्याच गाडीचा दर लागतो.

करपूर्व किंमत १२ लाख धरा. इलेक्ट्रिक १२.६० लाखांना पडते, हायब्रिड १६.८० लाखांना. वर घसारा: साध्या मोटारीला १५ टक्के, इलेक्ट्रिक वाहनाला ४०. पहिल्याच वर्षी इलेक्ट्रिकवर ५.०४ लाख घसारा, हायब्रिडवर २.५२ लाख. कंपनी आयकराच्या २५.१७ टक्क्यांच्या दरात असेल तर कराची बचत १.२७ लाख विरुद्ध ६३ हजार.

चंबळपार
हिशेब नीट मांडलात, पण पाया चुकीचा आहे. करपूर्व किंमत सारखी कशी धरता? त्याच आकाराच्या इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीमुळे करपूर्व किंमतच जास्त असते, आणि जीएसटीतला फरक बराचसा तिथेच जिरतो. दोन्ही शोरूममधून अंतिम कोटेशन घ्या आणि तेच समोरासमोर ठेवा.

दुसरं, ४० टक्के घसारा म्हणजे कर पुढे ढकलणं, माफी नव्हे. पाच पूर्ण वर्षांनी तुमच्या इलेक्ट्रिकची घसारा वजा किंमत ९८ हजार उरते, हायब्रिडची ७.४५ लाख. आता विका. जुन्या गाडीच्या विक्रीवर नोंदणीकृत कंपनीला मार्जिनवर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि घसारा घेतलेला असेल तर मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा ही उरलेली किंमत. उदाहरणापुरतं इलेक्ट्रिक पाच लाखांना विकली असं धरा: मार्जिन ४.०२ लाख, जीएसटी ७२ हजार. हायब्रिड आठ लाखांना: मार्जिन ५५ हजार, जीएसटी दहा हजार. जितका जलद घसारा, तितकं विक्रीच्या दिवशी मार्जिन मोठं. गाडी घेताना हे कुणी मांडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिशेबनीस
मार्जिनचा मुद्दा बरोबर, तो माझ्या तक्त्यात घालतो. पण इलेक्ट्रिक विकली की सगळा नफा त्याच वर्षी आयकरात अल्पकालीन नफा म्हणून येतो, असं कुणी समजू नये. ४० टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये (एकाच घसारा दराच्या मालमत्तांच्या गटात) कंपनीचे संगणकही असतात, छतावर सोलर असेल तर तोही. विक्रीची रक्कम त्या ब्लॉकमधून वजा होते. ब्लॉक शून्याखाली गेला तरच अल्पकालीन नफा. तुमच्या जुन्या डिझेल गाड्यांचंही तेच: त्या १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये कारखान्याच्या यंत्रांसोबत आहेत, तिथे अडचण येणार नाही. मात्र ज्या छोट्या फर्मकडे यंत्रं नाहीत आणि १५ टक्क्यांत गाडी एकटीच आहे, त्यांनी जपावं. जुनी गाडी विकून इलेक्ट्रिक घेतली तर नवी गाडी वेगळ्या ब्लॉकमध्ये जाते आणि जुनीवरचा नफा तिच्यात मुरत नाही.

थाटीपूर७
गाडी वापरणाऱ्याचं काय? परक्विझिट (कंपनीच्या गाडीबद्दल पगारात धरली जाणारी करपात्र रक्कम) इंजिनावर ठरतं ना?

हिशेबनीस
ठरतं, पण त्यावर गाडी निवडू नका. २०२५-२६ च्या नियमांनुसार खर्च कंपनीचा आणि वापर मिश्र (कार्यालयीन व खासगी) असेल, तर १.६ लिटरपर्यंत महिन्याला १,८०० रुपये, त्यावर २,४००, चालकाचे ९०० वेगळे. तीस टक्क्यांच्या टप्प्यात चालकासह वर्षाचा कर उपकर धरून १०,१०९ विरुद्ध १२,३५५. फरक सव्वादोन हजारांचा. इलेक्ट्रिकला बहुतेक पगारविभाग खालचाच टप्पा लावतात. पूर्ण कार्यालयीन वापर दाखवायचा तर तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्चाची नोंदवही हवी, शिवाय कंपनीचा दाखला. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांचे आकडे नव्या नियमांतून घ्या.

हवापाणी
उत्सर्जनावर अजून कुणी आलेलं नाही. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. स्ट्राँग हायब्रिडने प्रत्यक्षात २२ किमी दिले तर किलोमीटरला १०५ ग्रॅम. इलेक्ट्रिकला चार्जिंगची गळती धरून शंभर किमीला १६ युनिट लागतात. देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७२ किलो धरलं तर ११५ ग्रॅम. म्हणजे ग्रिडच्या विजेवर हायब्रिड किंचित पुढेच!

पण मालनपूरची गाडी दिवसभर कारखान्यात उभी असते. छतावरच्या सोलरवर ३.३ किलोवॅटने सहा तास चार्ज केली तर जवळजवळ २० युनिट, म्हणजे सव्वाशे किमी. महिन्याची गरज ३६० युनिट, आणि एक किलोवॅट सोलर महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट देतो. गाडीमागे तीन किलोवॅट पुरे. मग हिशेब पार उलटतो. शिवाय ग्वाल्हेर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे. शहरातल्या बाडा आणि लष्कर भागाच्या गल्ल्यांत धूर कुठून निघतो हे महत्त्वाचं, नुसती बेरीज नव्हे.

चंबळपार
सोलर असेल तर मी मान्य करतो. पण दिल्लीचं काय? पन्नास युनिटच्या बॅटरीतून ताशी १०० ने जाताना शंभर किमीला १७ युनिट जातात, दहा टक्के राखून पल्ला २६५. म्हणजे आग्रा-मथुरेकडे एकदा थांबणं आलंच. मे महिन्यात ४५ अंशांत हायवेवरून तापलेली बॅटरी फास्ट चार्जरला लावली की यंत्रणा स्वतःच करंट कमी करते आणि अर्ध्या तासाचं काम तासावर जातं. ज्या व्यवस्थापकाला सकाळी निघून रात्री परतायचं आहे, त्याला हे लादणं मला पटत नाही.

तारतंत्री
इलेक्ट्रिक घेणार असाल तर गाडीआधी वायरिंग. ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स सिंगल फेजवर ३२ अँपिअर ओढतो. त्याला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची टाइप-ए आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि तांब्याची सहा चौरस मिमी वायर द्या, अंतर लांब असेल तर दहा. तक्रारी सर्वाधिक येतात त्या अर्थिंगच्या: अर्थ आणि न्यूट्रलमध्ये व्होल्टेज दिसलं की चार्जर लाल दिवा लावून थांबतो आणि दोष गाडीला जातो. जुनी अर्थिंग कोरडी पडलेली असते, नवा इलेक्ट्रोड टाका. घरी चार्ज करणाऱ्या व्यवस्थापकाला सबमीटर बसवून द्या, नाहीतर त्याच्या घरगुती बिलातून गाडीचे युनिट वेगळे काढता येत नाहीत.

मालनपूरकर
सुविधांबद्दल? चालक मागत नाही, व्यवस्थापक मागतात. म्हणून विचारतो.

थाटीपूर७
सहा एअरबॅग आणि भारत एनसीएपीची (अपघात-सुरक्षा चाचणीची) गुणपट्टी आधी पाहा. एडास (चालकाला मदत करणारी कॅमेरा-यंत्रणा) घेणार असाल तर कॅमेरा काचेमागे असतो हे लक्षात ठेवा: काच बदलली की कॅलिब्रेशनचा खर्च आला, विम्यात तो बसतो का ते विचारून घ्या. हायब्रिडमध्ये बॅटरीमुळे डिकी आखडते. इलेक्ट्रिकच्या काही व्हेरिएंटमध्ये स्टेपनीच नसते, चंबळ ओलांडून रात्री पंक्चर झाली तर टायरचा दाबमापक आणि पंप कामाला येतात.

लष्करवाला
ग्वाल्हेरात बसून मेळ्याचा विचार कुणीच करत नाही? व्यापार मेळ्यात विकलेल्या गाडीला रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट असते. दर वर्षी शासनाचा आदेश निघाला की मगच, आणि नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच. १६.८० लाखांच्या पेट्रोल हायब्रिडवर १० टक्क्यांनी टॅक्स १.६८ लाख. सूट ८४ हजार, रोख. इलेक्ट्रिकला राज्याची वेगळी सवलत चालू असेल, तर मेळ्याचा वेगळा फायदा फारसा उरत नाही.

हिशेबनीस
पण मेळा जानेवारी-फेब्रुवारीत. गाडी आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली की त्या वर्षी घसारा निम्माच. पूर्ण हवा तर ३ ऑक्टोबरपर्यंत गाडी वापरात आली पाहिजे. हायब्रिडवर याचा परिणाम १.२६ लाखांच्या घसाऱ्यावर, म्हणजे ३२ हजारांचा कर पुढे ढकलला जातो, बुडत नाही. ८४ हजारांपुढे तो काहीच नाही, तेव्हा हायब्रिड घ्यायची तर मेळ्यातच घ्या. इलेक्ट्रिकला मात्र ६३ हजारांचा कर लांबतो आणि मेळ्यातून हाती फारसं लागत नाही. ती सप्टेंबरात घ्या, आणि ऑर्डरआधी सोलर व अर्थिंग करून टाका.

चंबळपार
मग दोन गाड्या सारख्याच का घ्यायच्या? दिल्लीला जाणारी हायब्रिड मेळ्यात, कारखान्यात उभी राहणारी इलेक्ट्रिक सप्टेंबरात. फक्त दिल्लीच्या फेऱ्या एकाच गाडीवर टाका म्हणजे इलेक्ट्रिकचे किलोमीटर महिन्याला हजारावर येतील, आणि हवापाणींचा तीन किलोवॅट सोलरही निम्म्यावर भागेल.