कॅसल रॉक : एवढ्याशा गावाला एवढे मोठे स्टेशन कशासाठी?

रानवाट (प्रश्न)
बेळगावहून रेल्वेने गोव्याला जाताना लोंढ्यानंतर कॅसल रॉक लागते. गाव उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलात आहे, वस्ती बेताची आहे आणि बाजारपेठ म्हणावी अशी नाही. तरीही गाड्या येथे बराच वेळ थांबतात आणि स्टेशनाचे आवार गावाच्या मानाने फारच ऐसपैस आहे. आमच्या घरातील वडीलधारी मंडळी ‘येथे सामानाची झडती होत असे’ एवढेच सांगतात. गोवा पोर्तुगीजांकडे असल्यामुळे सरहद्दीवर नाके असणार, हे समजते. मात्र हे नाके रेल्वे सुरू झाल्यापासूनच होते का, आणि ते गेल्यावरही स्टेशनाचे महत्त्व कसे टिकले, याविषयी जाणकारांनी लिहावे.

लोंढेकर
रेल्वे मुळात जकातीचे अडथळे दूर करणाऱ्या कराराच्या पोटीच जन्माला आली, ही यातली खरी गंमत आहे. १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारानुसार ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यातील जकातीची भिंत पाडण्यात आली, मुरगाव बंदर आणि तेथून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग बांधण्याचे ठरले, आणि गोव्यातील मिठाच्या उत्पादनावरचे नियंत्रण इंग्रजांनी आपल्या हाती घेऊन त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये देण्याचे कबूल केले. या व्यवहारात गोव्याचे मिठागरवाले भरडले गेले, हे रेल्वेचे कौतुक करताना सहसा कोणी सांगत नाही.

मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेला, होता. घाटाखालचा भाग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेचा आणि वरचा सदर्न मराठा रेल्वेचा. १८८८ मध्ये दोन्ही कॅसल रॉकला जोडले गेले. करार मात्र १८८० मध्ये अमलात आला आणि १२ वर्षांचाच होता. १८९२ मध्ये तो संपला, त्याचे नूतनीकरण झाले नाही आणि जकात परत आली. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे : रेल्वे आधी आली आणि नाके मागाहून. इंग्रजांची तपासणी वर कॅसल रॉकला होई, तर पोर्तुगीजांची घाट उतरल्यावर कुळे येथे. पेट्या एकदा वर उघडायच्या आणि पुन्हा खाली उघडायच्या, असा तो प्रवास होता.

दुधसागरप्रेमी
वरील माहितीला पुस्ती जोडतो. नाके नसते तरी येथे मोठे आवार लागलेच असते, कारण पुढे घाट आहे. कॅसल रॉक ते कुळे हे अंतर जेमतेम २६ किलोमीटर असले, तरी उतार ३७ ला १ (३७ मीटर अंतरात १ मीटर खाली) इतका तीव्र आहे, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या घाटाच्या तोडीचा. गाडी खाली सोडण्यापूर्वी येथे ब्रेकची तपासणी होते आणि गाडी आवरून धरण्यासाठी जादा इंजिने जोडली जातात. उलट दिशेने कुळ्याहून चढताना हीच ‘बँकर’ इंजिने मागून रेटा देतात आणि कॅसल रॉकला सुटी होतात. ही इंजिने उभी करायची, वळवायची, त्यांच्या चालकांना विश्रांतीची सोय द्यायची, तर एका फलाटाचे स्टेशन पुरणार नाही. प्रवाशाला जो थांबा कंटाळवाणा वाटतो, तो अशा कामाचा असतो.

रानवाट
दोघांचेही आभार. झडतीची आठवण सांगणारी आमची मंडळी मुंबईहून येत असत. ही वाहतूक केव्हा बंद पडली?

लोंढेकर
१९५५ मध्ये. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि त्यानंतर भारताने गोव्याशी रेल्वेसंबंध तोडले. तोपर्यंत मुंबईतील गोवेकरांना बोटीखेरीज हाच मार्ग होता. पुण्याला ब्रॉडगेज सोडून मीटरगेजची गाडी पकडायची आणि मिरज, लोंढा करत घाट उतरायचा. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, नाक्यांचे कारण उरले नाही आणि घाटातली वाहतूक पुन्हा सुरू झाली. १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला.

दुधसागरप्रेमी
आज येथील खरी वर्दळ मालगाड्यांची आहे; मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा याच घाटाने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांकडे जातो. त्यासाठीच घाटातील एकेरी मार्ग दुहेरी करण्याची योजना होती. तो भगवान महावीर अभयारण्यातून जात असल्याने गोव्यात तिला मोठा विरोध झाला, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. मालगाड्यांचा खोळंबा होतो ही अडचण खरी असली, तरी या डोंगरात आणखी खोदाई करण्याइतकी ती मोठी नाही.