शब्दचर्चा: ‘सचिव’ कोण आणि ‘सहकार’ कशाचा? सीमाभागातील परराष्ट्रविषयक शब्द

मूळ प्रश्न (निपाणी)

निपाणी, चिकोडी आणि खानापूर या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही जण मिळून चालू घडामोडींची मराठी टिपणे काढतो. ही मुले घरी मराठी वृत्तपत्र वाचतात, परीक्षेसाठी कन्नड वाचतात आणि बातम्या बहुधा हिंदीत ऐकतात. त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाविषयीच्या बातमीतील एखादा संस्कृत शब्द त्यांच्यापर्यंत तीन निरनिराळ्या अर्थांनी पोहोचतो आणि टिपणात त्याचा घोळ होतो. कन्नडमध्ये ‘विदेशांग सचिव’ असे वाचलेल्या व्यक्तीचा उल्लेख मुलगा मराठीत ‘परराष्ट्र सचिव’ असा करतो. ‘अंतरराष्ट्रीय सहकार’ हे शब्द तर तो जसेच्या तसे उचलतो, कारण ते त्याला मराठीच वाटतात. ‘राजनैतिक संबंध’ लिहावे की ‘राजनयिक संबंध’, यावर आमच्यातच एकमत नाही. जाणकारांनी या तीन शब्दांवर सविस्तर लिहावे, ही विनंती. याच कुळातील आणखी फसवे शब्द असतील तर तेही सांगावेत.

उत्तर (खानापूर, निवृत्त शिक्षक)

‘सचिव’ या शब्दाचा गोंधळ सर्वांत मोठा असल्याने तोच आधी घेतो. कन्नडमध्ये ‘सचिव’ म्हणजे मंत्री. ‘सचिव संपुट’ म्हणजे मंत्रिमंडळ आणि ‘विदेशांग सचिवालय’ म्हणजे आपले परराष्ट्र मंत्रालय. आपण ज्याला परराष्ट्र सचिव म्हणतो, त्या प्रशासकीय अधिकाऱ्याला कन्नडमध्ये ‘विदेशांग कार्यदर्शी’ म्हणतात. विद्यार्थ्यांना हा फरक समजावून द्यायचा असेल, तर एस. जयशंकर यांच्या कारकिर्दीइतके चांगले उदाहरण सापडणार नाही. जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१८ या काळात ते परराष्ट्र सेवेतील अधिकारी या नात्याने मराठीत ‘परराष्ट्र सचिव’ आणि कन्नडमध्ये ‘विदेशांग कार्यदर्शी’ होते. मे २०१९ मध्ये मंत्री झाल्यावर मराठीत त्यांचे सचिवपद संपलेले होते, तर कन्नडमध्ये ते तेव्हा सुरू झाले! म्हणजे दोन्ही भाषांत ते ‘सचिव’ झाले, पण निरनिराळ्या वर्षी आणि निरनिराळ्या अर्थाने.

यात कन्नड चुकते असे कोणी समजू नये. संस्कृतात सचिव म्हणजे राजाचा सहायक, सल्लागार, अमात्य. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतही ‘सचिव’ हा प्रधानच होता. पूर्वीच्या ‘सुरनीस’ या फारसी वळणाच्या पदनामाच्या जागी ते संस्कृत नाव आले आणि त्या पदावर अण्णाजी दत्तो होते. परराष्ट्र व्यवहार मात्र सचिवाकडे नव्हता. तो ‘डबीर’ म्हणजेच ‘सुमंत’ याच्याकडे असे आणि राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, ते पद रामचंद्र त्रिंबक यांच्याकडे होते. इंग्रजी अमदानीतील ‘सेक्रेटरी’साठी मराठीने पुढे ‘सचिव’ योजला आणि शब्दाचा दर्जा एक पायरी खाली आला. कन्नडने जुना अर्थ टिकवला आणि सेक्रेटरीसाठी ‘कार्यदर्शी’ हा वेगळा शब्द घेतला, एवढाच काय तो भेद आहे. मुंबईतील ज्या इमारतीला आज आपण मंत्रालय म्हणतो, तिलाही पूर्वी सचिवालयच म्हणत असत. उलट, आपल्या भागातील कन्नड माणसाला नुसते ‘मंत्रालय’ म्हटले तर त्याला राघवेंद्रस्वामींचे क्षेत्र आठवते, शासन नव्हे.

दूतावासातील पदांची नावे वाचतानाही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. राजदूताच्या हाताखाली प्रथम सचिव, द्वितीय सचिव आणि तृतीय सचिव असतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २०२१ मध्ये पाकिस्तानला भारताच्या वतीने उत्तर देणाऱ्या स्नेहा दुबे या प्रथम सचिव होत्या. कन्नड अर्थाची सवय असलेला मुलगा त्यांना मंत्री समजून बसेल. त्यातच मोठ्या दूतावासांत ‘मिनिस्टर’ या दर्जाचाही एक अधिकारी असतो आणि त्याचे भाषांतर काही जण सरळ ‘मंत्री’ असे करून मोकळे होतात. तो दूतावासातील ज्येष्ठ अधिकारी असतो आणि सरकारातील मंत्र्याशी त्याचा काही संबंध नसतो. तेथे ‘मिनिस्टर दर्जाचा अधिकारी’ असे सरळ लिहावे.

उत्तर (बेळगाव, अनुवादक)

गुरुजींनी ‘सचिव’ पुरता उलगडला आहे, म्हणून मी ‘सहकार’ घेते. मराठीत ‘सहकार’ आणि ‘सहकार्य’ ही दोन दालने पूर्ण वेगळी आहेत. सहकार म्हणजे पतसंस्था, दूधसंघ, साखर कारखाना, म्हणजे सभासदांच्या मालकीचा व्यवहार; सहकार्य म्हणजे एकमेकांना केलेले साहाय्य. कन्नडमध्ये मात्र ‘सहकार’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. कारखान्याच्या निवडणुकीच्या बातमीतही ‘सहकार’ असतो आणि जपानशी झालेल्या बोलण्यांच्या बातमीतही. गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे १९०५ मध्ये देशातील पहिल्या सहकारी संस्थांपैकी एक उभी राहिली, इतकी या चळवळीची मुळे कर्नाटकात खोल आहेत. पण त्या चळवळीने मराठीत स्वतःसाठी स्वतंत्र शब्द राखून ठेवला आणि कन्नडमध्ये ती सामाईक शब्दावर राहिली.

एखादा म्हणेल की संदर्भावरून अर्थ कळतोच, मग एवढा आग्रह कशाला? कारण परराष्ट्र व्यवहारात हे दोन्ही अर्थ खरोखरच शेजारी येऊन बसतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे ‘आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष’ म्हणून जाहीर केले होते. तेथे सहकारी संस्थाच अभिप्रेत होत्या, म्हणून ‘सहकार’ हाच शब्द बरोबर आहे. केंद्रात २०२१ पासून स्वतंत्र सहकार मंत्रालयही आहे. याउलट परराष्ट्र मंत्रालय १९६४ पासून इतर विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना आणि तंत्रज्ञांना भारतात प्रशिक्षण देण्याचा जो कार्यक्रम चालवते, त्याचे नाव ‘भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम’ असेच लिहिले पाहिजे. तेथे ‘सहकार’ लिहिले, तर आपल्याकडच्या वाचकाला सहकारी कारखान्यांच्या तंत्रज्ञानाचा काही कार्यक्रम असावा असे वाटेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

फसव्या शब्दांमध्ये ‘संधी’ माझ्या मते फार त्रासदायक आहे. हिंदीत ‘संधि’ म्हणजे तह किंवा करार. १९६० च्या सिंधू पाणीवाटप कराराला हिंदीत ‘सिंधु जल संधि’ म्हणतात. मराठीत संधी म्हणजे अनुकूल वेळ, मोका. हिंदी मजकुरावरून घाईने मराठी करणारे ‘शांतता संधी’ असे लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटते की शांतता होण्याची शक्यता निर्माण झाली आहे, प्रत्यक्षात तर तहावर सह्या होऊन गेलेल्या असतात. जुना अर्थ मराठीतून अगदीच गेलेला नाही. ‘शस्त्रसंधी’त तो जिवंत आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या शिलालेखांत ‘संधिविग्रही’ हे पद येते. तह आणि युद्ध या दोन्हींचा कारभार पाहणारा तो अधिकारी होता आणि आजच्या परराष्ट्र खात्याचा पूर्वज म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येईल.

‘संधान’ची गंमत याहून अधिक आहे. कन्नडमध्ये संधान म्हणजे वाटाघाटी. श्रीकृष्ण कौरवांकडे बोलणी करण्यास गेला, त्या प्रसंगाला आपण ‘कृष्णशिष्टाई’ म्हणतो, तर कन्नडमध्ये ‘कृष्णसंधान’ म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत मात्र ‘शरसंधान’ केले जाते ते प्रतिपक्षावर टीकेचे बाण सोडण्यासाठी. तेव्हा कन्नड बातमीत दोन देशांत ‘संधान’ चालू आहे असे वाचले, तर बाण सुटलेले नाहीत हे जाणून घ्यावे.

उत्तर (चिकोडी, वकील)

माझ्या व्यवसायाच्या नावावर परराष्ट्र खात्याचा हक्क आमच्या बार असोसिएशनपेक्षा जुना आहे, म्हणून लिहितो. पेशवाईत ‘वकील’ म्हणजे दुसऱ्या दरबारी राहणारा आपला प्रतिनिधी. दिल्लीस हिंगणे आणि हैदराबादेस गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते. तेथील बातमी पुण्यास कळवणे आणि पुण्याचे म्हणणे तेथे मांडणे हे त्यांचे मुख्य काम असे. आजच्या राजदूताचे काम व्हिएन्ना येथील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात दिले आहे आणि त्यातही प्रतिनिधित्व, वाटाघाटी आणि कायदेशीर मार्गाने माहिती घेऊन आपल्या सरकारला कळवणे ही कामे आहेतच. त्यावरूनच मराठीत ‘वकिलात’ आली. जुने लोक कोणत्याही दूतावासाला वकिलात म्हणत, पण काटेकोरपणे पाहता राजदूताहून खालच्या दर्जाच्या प्रतिनिधीचे कार्यालय ते वकिलात आणि राजदूताचे ते दूतावास, असा भेद करणे सोयीचे आहे. आपल्या शेजारच्या गोव्याच्या इतिहासात तो उपयोगी पडतो. लिस्बनमध्ये भारताचा पूर्ण दूतावास नव्हता, वकिलात होती, आणि गोव्याविषयी पोर्तुगाल बोलण्यासच तयार नसल्याने भारताने ती १९५३ मध्ये बंद केली. १९५५ मध्ये संबंध तुटले. गोवा मुक्त झाल्यावरही ते जुळण्यास १९७४ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या करारात पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

कन्नड ‘रायभारी’ (राजदूत) आणि ‘रायभार कचेरी’ (दूतावास) हे शब्द मला आवडतात. ते कोणाशीही गल्लत होऊ देत नाहीत.

‘राजनैतिक’विषयी माझे मत स्पष्ट आहे: तो सोडून द्यावा आणि ‘राजनयिक’ लिहावे. हिंदीत ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय, पक्षांच्या राजकारणाचा. हिंदी वाक्यातील ‘राजनैतिक दल’ म्हणजे राजकीय पक्ष, दूतांचे पथक नव्हे. मराठी वृत्तपत्रांनी मात्र तोच शब्द दूतावासांच्या व्यवहारासाठी वापरला. विद्यापीठांच्या मराठी पुस्तकांत ‘डिप्लोमसी’साठी ‘राजनय’ रूढ आहे. मग विशेषण ‘राजनयिक’च व्हावे. कन्नडमध्ये यासाठी ‘राजतांत्रिक’ आहे. तो मराठीत घेता येणार नाही, कारण ‘राजतंत्र’ म्हटले की राजेशाही आठवते. ‘राजकीय’ या शब्दाबाबत मात्र मराठी आणि कन्नड एका बाजूला आहेत आणि हिंदी दुसऱ्या. हिंदीत ‘राजकीय विद्यालय’ म्हणजे सरकारी शाळा.

उत्तर (खानापूर, निवृत्त शिक्षक)

वकीलसाहेबांचा तर्क शुद्ध आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. हिंदीत शब्दाचा अर्थ निराळा आहे म्हणून मराठीत रूढ झालेला अर्थ टाकून द्यायचा, हा न्याय लावला तर ‘संधी’ही टाकावी लागेल. ‘राजनैतिक संबंध’ हा प्रयोग मराठी वाचकाला निःसंदिग्धपणे कळतो, कारण पक्षीय अर्थासाठी आपल्याकडे ‘राजकीय’ आहेच. ‘राजनयिक’ पाठ्यपुस्तकात शोभतो. बातमीत तो मला अद्याप परका वाटतो. माझा कल ‘मुत्सद्दी’ या शब्दाकडे आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ कारकून, कारभारी असा होता आणि मोगल अमदानीत सुरतेच्या बंदरावरील मुख्य अधिकाऱ्याला ‘मुत्सद्दी’च म्हणत. मराठीने त्याला धोरणी राजकारणी या अर्थापर्यंत चढवले. विशेष म्हणजे कन्नडमध्येही ‘मुत्सद्दी’ याच चढलेल्या अर्थाने वापरतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच कळणारा शब्द हाताशी असताना निदान ‘मुत्सद्देगिरी’ तरी सोडू नये.

उत्तर (चिकोडी, वकील)

गुरुजी, ‘मुत्सद्देगिरी’त चातुर्याची छटा आहे आणि व्हिसाचा शिक्का मारणाऱ्या तृतीय सचिवाच्या कामाला ती कशी लावणार? गुण सांगायचा असेल तेथे मुत्सद्देगिरी आणि खाते किंवा व्यवहार सांगायचा असेल तेथे राजनय, अशी वाटणी मला मान्य आहे. ‘राजनैतिक’ मी माझ्या लेखनात वापरणार नाही, आपण वापरावा.

उत्तर (निपाणी, प्रश्नकर्ता)

दोघांचेही म्हणणे आम्ही टिपणात देऊ आणि ‘राजनयिक’पुढे ‘वृत्तपत्रांत: राजनैतिक’ अशी नोंद करू. आणखी एक शंका आहे. ‘वाणिज्य दूतावास’ (कॉन्सुलेट) या नावामुळे मुले असे समजतात की तेथे केवळ व्यापाराचे काम चालते. पाकिस्तानने अटक केलेले भारतीय नागरिक कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये दिलेल्या निकालात व्यापाराचा प्रश्नच नव्हता, तरी तेथेही हाच शब्द भेटतो.

उत्तर (बेळगाव, अनुवादक)

शंका रास्त आहे. व्यापाराकडे लक्ष देणे हे त्या दूताच्या कामांपैकी एक आहे, पण परक्या देशात अडकलेल्या आपल्या नागरिकाला मदत करणे, पासपोर्ट देणे, कागदपत्रे साक्षांकित करणे ही कामे सामान्य माणसाच्या अधिक निकडीची असतात. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ व्या कलमाने अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या या दूताशी संपर्क साधण्याचा हक्क दिला आहे आणि पाकिस्तानने त्याच कलमाचा भंग केल्याचा निष्कर्ष न्यायालयाने जाधव प्रकरणात काढला. नाव बदलणे आपल्या हाती नाही, कारण फलकावर ते तसेच असते. पण तेथे ‘वाणिज्य दूतांशी संपर्क’ असे लिहिण्याऐवजी ‘आपल्या दूतावासाशी संपर्क’ असे लिहिले, तर अर्थ नेमका पोहोचतो.

जाता जाता टिपणासाठी दोन सूचना करते. ‘युद्धबंदी’ हा शब्द एकटा सोडू नये, कारण तो लढाई थांबण्यालाही लावतात आणि पकडलेल्या सैनिकालाही. १९७१ च्या डिसेंबरात झाली ती शस्त्रसंधी आणि त्यानंतर सोडले ते युद्धकैदी, असे लिहिले की प्रश्न उरत नाही. दुसरी सूचना सिंधू कराराविषयी आहे. २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो ‘स्थगित’ ठेवत असल्याचे जाहीर केले, पण अनेक ठिकाणी ‘रद्द’ असे छापून आले. रद्द झालेला करार पुन्हा नव्याने करावा लागतो, स्थगित करार मात्र अस्तित्वात राहतो आणि तो पुढे लागू करता येतो. परीक्षेत या दोन शब्दांवर प्रश्न येऊ शकतो, म्हणून ती ओळ तपासून घ्यावी.