ओडोरिक आणि ठाणे

ओडोरिकचं नाव फक्त चीनच्या प्रवासामुळे लक्षात ठेवावं, असं काही जण म्हणतात, पण ते मत मला पटत नाही. इटलीतल्या पोर्देनोनेचा हा फ्रान्सिस्कन (एक ख्रिस्ती संन्यासी पंथ) साधू इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून २८ दिवसांचा समुद्रप्रवास करून आपल्या ठाण्यात उतरला होता, तोही पोर्तुगीज यायच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधी. तिथल्या कुत्र्याएवढ्या उंदरांचंही त्याने वर्णन केलंय (घुशी असणार, दुसरं काय!).

पण मला सगळ्यात भिडते ती अस्थींची गोष्ट. १३२१ साली ठाण्यात तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन साधू आणि त्याचे सोबती मारले गेले. जॉर्डानस नावाचा डोमिनिकन (दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा) साधू तेव्हा ठाण्याबाहेर होता, म्हणून वाचला. त्यानेच मृतदेह सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, पुरले. पुढे ओडोरिकने त्या अस्थी उकरून घेतल्या आणि जहाजाने पार चीनच्या झैतून (आजचं क्वानझोउ) बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात नेऊन ठेवल्या. ओळखपाळख नसलेल्या माणसांसाठी एवढं ओझं महिनोन् महिने सांभाळणं, हे मला त्याच्या सगळ्या प्रवासवर्णनापेक्षा मोठं वाटतं. १३३१ मध्ये उदिने इथे तो वारला. नालासोपारा स्टेशनवर उतरताना मला हे दरवेळी आठवतं.