मायमो, फायबर आणि ईसीएमपी: अनेक वाटा ही एकच युक्ती आहे का?

अँटेनावाला: मायमो म्हणजे अनेक अँटेनांनी एकाच वेळी पाठवणं-घेणं, फायबर म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशाने पाठवणं, आणि ईसीएमपी म्हणजे राउटरने सारख्या किमतीच्या अनेक वाटांवर डेटा वाटणं. तिन्हीकडे माल वाटून पाठवायचा आणि पलीकडे जोडायचा, म्हणून हे विषय एकत्रच शिकवायला हवेत. ४×४ मायमोत चार प्रवाह एकाच फ्रिक्वेन्सीवर जातात. भिंतींवरच्या परावर्तनांमुळे प्रत्येकाचा ठसा वेगळा उमटतो आणि रिसीव्हर मॅट्रिक्स (समीकरणांचा संच) सोडवून त्यांना सुटं करतो.

फायबरवाला: अजिबात पटत नाही. मल्टिमोडमध्ये, म्हणजे जाड कोअरच्या (गाभ्याच्या) फायबरमध्ये, अनेक वाटा हेच दुखणं आहे. एकाच पल्सचे मोड (प्रकाशाच्या वेगवेगळ्या वाटा) पुढेमागे पोचतात, पल्स पसरते आणि शेजारच्या बिटवर चढते. ८५० नॅनोमीटरवर १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ प्रकारच्या मल्टिमोडवर ३३ मीटर चालतं, सुधारित ओएम३ वर ३००. लांब पल्ल्यासाठी कोअर साधारण ९ मायक्रॉनवर आणून बाकीच्या वाटा बंदच करतात; हेच सिंगलमोड.

अँटेनावाला: त्याच सिंगलमोडवर कोहेरंट लिंक (प्रकाशाची फेजही वाचणारी) दोन पोलरायझेशनवर (प्रकाशलहरींच्या कंपनाच्या दिशांवर) दोन प्रवाह पाठवते. ते वाटेत मिसळतात आणि डीएसपी (सिग्नलवर गणित करणारी चिप) २×२ इक्वलायझरने सोडवतो. हे मायमोच आहे!

फायबरवाला: तेवढं मान्य. राउटिंग मात्र त्यात बसत नाही.

राउटिंगवाला: बरोबर. आमच्याकडे पॅकेटं मिसळत नाहीत, क्रम बिघडतो. फायबरमध्ये किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. दोनपैकी एक वाट २०० किमी लांब असली की १ मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि १० जीच्या लिंकवर तेवढ्यात १५०० बाइटची आठशेवर पॅकेटं पुढे निघून जातात. नेहमीचं टीसीपी (पोचपावती घेत डेटा पाठवणारा प्रोटोकॉल) तीन डुप्लिकेट अ‍ॅक (त्याच पोचपावत्या पुन्हा) आले की पॅकेट हरवलं असं समजतं, ते पुन्हा पाठवतं आणि विंडो (पावतीआधी पाठवायच्या डेटाची मर्यादा) आवळतं. म्हणून ईसीएमपी सहसा दोन्ही टोकांचे आयपी पत्ते, दोन्ही पोर्ट आणि प्रोटोकॉल यांचा हॅश (त्यांच्यावरून निघणारा ठरावीक आकडा) काढून अख्खा फ्लो (एका जोडणीची सगळी पॅकेटं) एकाच वाटेला लावतं. परिणामी १० जीच्या चार लिंक असूनही एका मोठ्या बॅकअपला १० च्या वर वेग मिळत नाही. साध्या टनेलमधून (पॅकेटं दुसऱ्या पॅकेटांत गुंडाळून) गेलात तर बाहेरचं हेडर सहसा एकच, त्यामुळे सगळे फ्लो एकाच लिंकवर कोंबले जातात. मायमोसारखं जोडून घ्यायचं असेल तर दोन्ही टोकांना एमपीटीसीपी (एकच जोडणी अनेक वाटांवर वाटणारं टीसीपी) हवं, आणि तिथेही संथ वाट बफर अडवून ठेवते.

अँटेनावाला: पण वाटा स्वतंत्र हव्यात ही अट तरी तिन्हीकडे सारखीच आहे ना? २.४ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी सुमारे ६ सेंटिमीटर. अँटेना त्याहून बऱ्याच जवळ चिकटवल्या, किंवा समोर मोकळं मैदान असलं, की चार अँटेना असूनही प्रवाह एक-दोनच उरतात.

फायबरवाला: इथे मात्र मी तुमच्या बाजूने. मुख्य आणि पर्यायी केबल एकाच खंदकात असल्या की जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. राउटरवर दोन वेगळे इंटरफेस दिसतात, ट्रेसराउटलाही (वाटेतले राउटर दाखवणाऱ्या साधनालाही) खंदक कळत नाही. लिंक भाड्याने घेण्याआधी डक्टचा (केबल जाणाऱ्या जमिनीखालच्या नळीचा) नकाशा मागवा, आणि पूल व रेल्वे क्रॉसिंगपाशी दोन्ही रेषा एकत्र येतात का ते बघा.