डब्लिनमधल्या लेखकांच्या पबबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, १६ जूनला म्हणजे ब्लूम्सडेला (जेम्स जॉइसच्या युलिसिस कादंबरीची गोष्ट ज्या दिवशी घडते तो दिवस) बाबांना घेऊन डब्लिनला असणारे, बाबांनी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि जॉइसची युलिसिस त्यांची फार आवडती, त्यामुळे ड्यूक स्ट्रीटवरच्या डेव्ही बर्न्स पबमध्ये बसून कादंबरीचा नायक ब्लूम याच्यासारखं गॉर्गोन्झोला चीजचं सँडविच खायचंच असं त्यांनी ठरवलंय. पण त्या दिवशी तिथे खूप गर्दी असते म्हणतात, तर आधी टेबल बुक होतं का, की सकाळी लवकर जाऊन बसावं लागतं? बाबांचं वय ७४, गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहणं जमणार नाही.

दुसरं म्हणजे हॅरी स्ट्रीटवरचं मॅकडेड्स पब, जिथे लेखक ब्रेंडन बीहन आणि कवी पॅट्रिक कॅव्हना बसायचे, तेही बघायचंय. बाबा दारू घेत नाहीत, नुसता चहा-कॉफी घेऊन तासभर बसलं तर चालतं का तिथे? आणि शेलबर्न हॉटेलात १९२२ साली आयरिश राज्यघटनेचा मसुदा ज्या खोलीत झाला ती बाहेरच्यांना बघू देतात का?

तिथे राहणारं किंवा जाऊन आलेलं कोणी असेल तर प्लीज सांगा, बाबांसाठी ही ट्रिप नीट व्हायला हवी.